आधी खड्डे बुजवा!

पुण्यात हेल्मेटसक्तीची बातमी आली की घरोघरी एक जुनाच वाद नव्याने पेटतो. माणसं बदलतात, संवाद तेच राहतात. काका स्कूटरची किल्ली घेऊन निघालेत आणि पुतणी हेल्मेट पुढे करते, असं समजा.

"काका, हेल्मेट राहिलं."

"अगं, मंडईपर्यंत तर जायचंय. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, कधी पडलेलं पाहिलंस मला?"

"पण कायदा आहे ना."

"कायदा! आधी खड्डे बुजवा म्हणावं, मग हेल्मेटचं बघू. आणि कोपऱ्यावरचा तो दूधवाला, हेल्मेट घालूनच गेला ना बिचारा?"

"म्हणून काय कुणी घालायचंच नाही?"

"आज हेल्मेट म्हणतायत, उद्या चिलखत घाला म्हणतील. आणि तू मला शिकवू नकोस. परवा मैत्रिणीच्या गाडीवर तूच बोडक्यानं बसली होतीस."

"म्हणजे तुम्हाला घरच्यांची काहीच पर्वा नाही, असंच ना?"

"बरं बाई, मला उशीर होतोय."

काका या सगळ्यात एकदाही खोटं बोललेले नाहीत. खड्डे आहेत. दूधवाला गेला, हेही खरं. चाळीस वर्षांत काका पडले नाहीत, हेही मान्य करू. तर्कदोष म्हणजे थापा मारणं नव्हे. विधान खरं असतं, पण त्यावर जो निष्कर्ष उभा केलेला असतो त्याला ते पेलत नाही. कारणासारखं दिसतं आणि कारणाचं काम मात्र करत नाही, अशा गोष्टीला न्यायदर्शनाने हेत्वाभास म्हटलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत एकंदर १६ विषय येतात आणि त्यांतले शेवटचे ७ निव्वळ वादाचे आहेत: वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान. मोक्षाची वाट दाखवायला बसलेल्या शास्त्राने जवळजवळ निम्मी यादी भांडणाच्या रीतींवर खर्च करावी, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही याच कामासाठी वेगळा ग्रंथ लिहून १३ दोष नोंदवले. दोघांनाही माणसांची चांगलीच ओळख असणार.

आता खड्ड्यांकडे वळू. "आधी खड्डे बुजवा" हे वाक्य इतक्या ठसक्यात म्हटलं जातं की समोरचा गप्पच होतो, कारण खड्ड्यांच्या बाजूने कोण बोलणार? पण क्षणभर हेच कारण हातात घेऊन त्यातून काय निघतं ते पाहा. रस्त्यात खड्डे आहेत, म्हणजे गाडी घसरण्याची, उडण्याची शक्यता जास्त. शक्यता जास्त, म्हणजे डोकं आपटण्याची भीती जास्त. मग हेल्मेटची गरज कमी झाली की वाढली? काकांनी हेल्मेटविरुद्ध दिलेलं कारण हेल्मेटच्याच बाजूने साक्ष देतं. गौतमाच्या पाच हेत्वाभासांत 'विरुद्ध' नावाचा एक आहे तो हाच: जे सिद्ध करायचं त्याच्या नेमकं उलट सिद्ध करणारा हेतू. महानगरपालिकेने खड्डे बुजवायला हवेत, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण ती वेगळ्या अर्जात करायची गोष्ट आहे.

"चाळीस वर्षांत पडलो नाही" हा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही, कारण तो अनुभवाचा आहे आणि अनुभवापुढे माणसं मान तुकवतात. अडचण अशी की हा अनुभव सांगायला तेच उरतात ज्यांना काही झालं नाही. बिनहेल्मेटचे जे गेले, ते कुठल्याच कट्ट्यावर येऊन आपली चाळीस वर्षं सांगत नाहीत. नवसाच्या देवळात हे चित्र अगदी समोर टांगलेलं असतं. घंटा, पाळणे, नारळांची तोरणं, सगळं नवस फेडायला आलेल्यांनी बांधलेलं. ज्यांचा नवस फळला नाही ते परत कशाला येतील आणि काय बांधतील? देऊळ भरलेलंच दिसणार, देव पावो न पावो. सिसरोने डायागोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे. समुद्रात वाचलेल्यांनी देवाला वाहिलेली चित्रं त्याला कुणी दाखवली, तेव्हा त्याने विचारलं, नवस बोलूनही बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? दोन हजार वर्षांत याहून बरं उत्तर कुणाला सुचलेलं नाही.

मग अनुभव मोजायचा कसा? पडलेल्यांतच तुलना करून. मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्यांवर झालेल्या ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रन संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हेल्मेट घातलेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळला. हे आकडे शंभर टक्के नाहीत, हेही नीट पाहावं, कारण दूधवाल्याचा मुद्दा तिथेच अडकतो. हेल्मेट घालूनही माणसं मरतात. ४२ टक्क्यांचा अर्थच तो आहे. "पूर्ण वाचवत नाही, म्हणजे वाचवतच नाही" ही उडी आपण छत्रीच्या बाबतीत कधी मारत नाही, औषधांच्या आणि कायद्यांच्या बाबतीत मात्र सर्रास मारतो. काकांच्या बोलण्यात एकच गोष्ट वजनाची आहे: मंडईपर्यंतच जायचंय, म्हणजे अंतर थोडं आणि वेग कमी. तो तर्कदोष नाही. तो वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांत किती अपघात होतात हे पाहून द्यायचं असतं, "तर्कदोष, तर्कदोष" असं ओरडून नव्हे.

अनुभवाचा दाखला तपासण्याचा याहून धारदार प्रयोग पुण्यातच झाला. "तुमचा विश्वास नसेल, आम्हाला अनुभव आहे," असं ज्योतिषाबद्दल हमखास ऐकू येतं. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. पत्रिका मांडल्या, त्या मिसळल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून एवढंच विचारलं की यातली कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. या प्रयोगाची खरी ताकद आकड्यात नाही, मांडणीत आहे. घरच्या अनुभवात बरोबर ठरलेलं भाकीत लक्षात राहतं आणि चुकलेलं विसरलं जातं. इथे चुकलेलं विसरायची सोयच ठेवली नव्हती.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला" हे आपण उठताबसता म्हणतो, तरी आपली निम्मी घरगुती औषधं याच फांदीवर बसलेली आहेत. ताप चढला, काढा घेतला, उतरला. म्हणून काढ्याने उतरला. यात एक बारीक गोम आहे आणि ती लक्षात आली की कितीतरी वाद सुटतात. आपण काढा घेतो कधी? ताप सर्वांत चढलेला असताना. टोकाला गेलेली गोष्ट तिथून बहुतेक वेळा खालीच येते, तुम्ही काही करा वा न करा. अंगारा लावा, गोळी घ्या, नुसते पडून राहा, उतार ठरलेला. श्रेय मिळतं ते त्या वेळी हातात असेल त्याला.

हीच गोम पोरांना रागावण्याच्या बाबतीत आईबापांना हमखास फसवते. चाचणीत नेहमी सत्तरच्या आसपास घेणाऱ्या मुलाला एकदा ४८ पडले. घरात तोंडसुख घेतलं गेलं. पुढच्या वेळी ६७. "बघा, ओरडल्याशिवाय ऐकत नाही." एकदा ९१ पडले, कौतुक झालं, पेढे आले. पुढच्या वेळी ७४. "बघा, कौतुक केलं की शेफारतो." दोन्ही वेळा मुलगा फक्त आपल्या सत्तरीकडे परत आला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना हेच इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांकडून ऐकायला मिळालं: उत्तम उड्डाणाची स्तुती केली की पुढचं बिघडतं, वाईट उड्डाणाबद्दल झापलं की पुढचं सुधारतं, तेव्हा स्तुतीबितीच्या गोष्टी सांगू नका. काहनेमननी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेजवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं, ज्यांचं लांब पडलं त्यांचं दुसरं जवळ आलं. नाण्यांना कुणी झापलं नव्हतं. शिक्षेवर माणसांचा जो गाढ विश्वास असतो, त्यातला बराचसा या योगायोगाने पोसलेला असावा असं माझं मत आहे. निसर्गच असा की शिक्षा नेहमी यशस्वी दिसते आणि कौतुक नेहमी वाया गेल्यासारखं वाटतं.

म्हणींवर विसंबून वाद जिंकता येतात, पण म्हण कुठे लागू पडते हे ती स्वतः सांगत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक, आच एक, पाणी एक. तरीही जाणती बाई शीत काठाचं नाही, मधलं काढून चेपते. एका रिक्षावाल्याने उर्मटपणा केला म्हणून सगळ्या रिक्षावाल्यांचं शीत काढता येत नाही. ते एका पातेल्यात शिजलेले नाहीत. अमक्या गावचे सगळे चिकट, तमक्या जातीचे सगळे धूर्त, ही सगळी एका शिताची विधानं. आणि कुणी समोर उलटं उदाहरण ठेवलंच तर "तो काही खरा अमक्या गावचा नाही" असं म्हणून त्या माणसालाच यादीतून काढलं जातं. मग विधान कधीच खोटं पडत नाही, आणि म्हणूनच काही सांगतही नाही.

"परवा तूच बोडक्यानं बसली होतीस" या वाक्याने पुतणी गप्प होते, आणि आपल्या सार्वजनिक चर्चांमध्ये सध्या सर्वांत जास्त चालणारं नाणं हेच आहे. एका सरकारच्या चुकीबद्दल विचारलं की उत्तर येतं, त्यांच्या काळात काय झालं होतं ते बोला. "एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारू नये" ही म्हण तोंडपाठ असणारी माणसंही वासरू मारून मोकळी होतात. न्यायसूत्रांत वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थानं दिली आहेत, त्यांत याला 'मतानुज्ञा' म्हटलं आहे. आरोप खोडून न काढता "हाच दोष तुमच्यातही आहे" असं म्हणणारा माणूस स्वतःचा दोष कबूल करून बसतो, म्हणून तो हरला. आपण मात्र असं बोलणाऱ्याला टाळ्या देतो.

तरीही "तू पण" म्हणणं नेहमीच पळवाट असते असं नाही. वाद जर नियम बरोबर की चूक याचा असेल, तर ती पळवाटच. वाद जर नियम सगळ्यांना सारखा लावला जातो का याचा असेल, तर "त्याला का सोडलंत?" हा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा. चौकात दुचाकीवाल्याची पावती फाडणाऱ्या हवालदाराला कुणी मोटारीच्या काळ्या काचा दाखवल्या, तर तो मुद्दा भेदभावाचा आहे, हेल्मेटचा नाही. एकाच वाक्याचा एका वादात दोष होतो आणि दुसऱ्यात पुरावा. म्हणूनच दोषांची नुसती नावं पाठ करून फारसं काही हाती लागत नाही.

"आज हेल्मेट, उद्या चिलखत" याचंही असंच. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो" ही म्हण या तर्काची आपली ठेवणीतली आवृत्ती आहे आणि ती कित्येकदा खरी ठरते. हाउसिंग सोसायटीत एकाने गॅलरी बंद करून खोली केली आणि सेक्रेटरींनी काणाडोळा केला, की दुसऱ्याला नाही म्हणायला त्यांना तोंड उरत नाही. इथे एका पायरीवरून दुसरीवर ढकलणारं काहीतरी नेमकं दाखवता येतं. हेल्मेटपासून चिलखतापर्यंत नेणारं काय, ते मात्र कुणी दाखवत नाही.

महाराष्ट्रातला या तर्काचा सर्वांत गाजलेला प्रयोग १८९१ च्या संमतिवयाच्या वादात झाला. कलकत्त्यातल्या लहानग्या फुलमणीच्या मृत्यूनंतर मुलीचं संमतिवय १० वरून १२ करण्याचं विधेयक आलं. आगरकर 'सुधारका'तून त्याच्या बाजूने उभे राहिले, रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांचे आधार काढून दिले, टिळकांनी कडाडून विरोध केला. विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा असा होता की परकीय सरकारला आपल्या धर्माच्या चालीरीतींत कायदा करू दिला तर वाईट पायंडा पडेल. हा मुद्दा पोकळ नव्हता; परकीय सत्ता ही खरीच गोष्ट होती आणि तिच्याबद्दलचा संशयही. पण पुढे काय झालं? कायदा झाला. विवाहितेच्या बाबतीत ती मर्यादा १३ व्हायला १९२५ उजाडलं, आणि १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मांडणारे हरबिलास सारडा हे भारतीय सभासदच होते. उतारावरून घसरत जायला ३४ वर्षं लागत नाहीत. त्या पायऱ्या एकेक करून, भांडून आणि मतं बदलत चढल्या गेल्या. 'पायंडा पडेल' असं म्हणणाऱ्याला म्हणूनच एक प्रश्न विचारावा: पुढची पायरी कोण ओलांडेल, आणि त्याला अडवायला त्या वेळी कुणीच नसेल का?

मी मनातून पुतणीच्या बाजूचा आहे, पण तिचीही बाजू काही निर्मळ नाही. "कायदा आहे ना" म्हटल्याने हेल्मेट उपयोगी ठरत नाही. निरुपयोगी कायदेही असतात. आणि "म्हणजे तुम्हाला घरच्यांची पर्वा नाही" हे तर काका बोललेच नव्हते. समोरच्याच्या म्हणण्याच्या जागी त्याचं एक सोपं, मूर्ख रूप उभं करायचं आणि त्यालाच झोडपायचं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." ही या दोषाची पाटी समजायला हरकत नाही, तिच्यापुढे येणारं वाक्य क्वचितच समोरच्याचं असतं. याचा शाब्दिक अवतार म्हणजे वाक्छल. त्याचं जुनं उदाहरण मजेशीर आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. छल करणारा लगेच म्हणतो, नऊ घोंगड्या कुठल्या, एकच तर दिसते! 'नव'चे दोन्ही अर्थ त्याला नीट ठाऊक असतात, आणि बोलणाऱ्याला कुठला हवा होता हेही.

यावर नैयायिकांनी केलेली तजवीज मला फार आवडते. समोरच्याचं विधान सभेला समजलं आहे, ते तीनदा सांगून झालं आहे, आणि तरीही तुम्हाला ते जसंच्या तसं उलट सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. या निग्रहस्थानाचं नाव 'अननुभाषण'. खंडन करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवायची सक्ती टीव्हीवरच्या चर्चांना लागू केली, तर पहिल्या दहा मिनिटांतच निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. "मला उशीर होतोय" म्हणून निघून जाणाऱ्यांसाठीही यादीत जागा आहे: 'विक्षेप', कामाचं निमित्त सांगून चर्चा मोडणं. तीही हारच.

इतके नियम करणाऱ्या शास्त्राने छलाला सरसकट बंदी मात्र घातली नाही. वाद तीन प्रकारचे मानले: सत्य शोधण्यासाठी गुरुशिष्यांत किंवा मित्रांत चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची काही बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. जल्पवितंडेत छल चालतो, आणि त्याचं कारण सूत्रकारांनी शेतकऱ्याचं दिलं: कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसं. चरकसंहितेतही वैद्याला मित्रभावाने करायचा संवाद आणि प्रतिस्पर्ध्याशी करायचा वाद वेगवेगळे शिकवले आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात समोरच्याचं आणि सभेचं बळ आधी जोखायला सांगितलं आहे. तेव्हा घरात, जेवणाच्या ताटावर, आपण यांतलं नेमकं काय करतो आहोत हे ठरवणं दोष ओळखण्याच्याही आधीचं काम. काका आणि पुतणी हरण्याजिंकण्याला बसले असतील, तर कॉक्रनचे आकडे काकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवणार नाहीत.

दोषांची नावं नव्याने शिकलेला माणूस पहिले काही महिने घरच्यांना फार छळतो. प्रत्येक वाक्याला तो एक लेबल चिकटवतो आणि वाद जिंकल्यासारखा बसतो. त्याच्यासाठीही २२ च्या यादीत सोय आहे: जिथे दोष नाही तिथे दोष दाखवणं, 'निरनुयोज्यानुयोग', हे स्वतःच हरण्याचं कारण. आणि त्याचा जोडीदार 'पर्यनुयोज्योपेक्षण': समोरच्याचा खरा दोष दिसायला हवा होता, तो तुमच्या नजरेतून सुटला, तरी तुम्ही हरलात. भाष्यकार वात्स्यायनाला इथे एक व्यावहारिक अडचण दिसली. हा दुसरा दोष उघड करणार कोण? ज्याच्या नजरेतून सुटला त्याला तो दिसलेलाच नाही. ज्याची चूक झाकली गेली तो तर बोलणारच नाही. आपला कौपीन कोण स्वतः सोडून दाखवतो? म्हणून वात्स्यायनाने ते काम सभेवर सोपवलं.